विमान माथ्यावर येण्याआधीची शिट्टी: जेट इंजिनाच्या तोंडातून आवाज बाहेर कसा पडतो?

सड्याकडचा

नमस्कार. गोव्यात मोपाच्या सड्याखाली, पेडणे तालुक्यातील एका वाडीत आमचे घर आहे. जानेवारी 2023 मध्ये मनोहर विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, तेव्हापासून उतरणारी विमाने आमच्या माडांवरून जातात. हा धागा तक्रारीचा नाही, त्यासाठी ग्रामसभा आहे. मला कुतूहल आहे ते आवाजाच्या घडणीचे.

उतरणारे विमान माथ्यावर येण्याच्या चार-पाच सेकंद आधी एक बारीक, जवळजवळ सुरात असलेली शिट्टी ऐकू येते. विमान पुढे सरकले की ती विरते आणि मागे घोगरी फुसफूस उरते. उड्डाण करणाऱ्या विमानाचा प्रकार वेगळाच आहे. गिरणीत सागाचा ओंडका करवतीवर चढवावा तशी घरघर येते आणि तीही विमान आपल्याकडे येत असतानाच. जेटचा आवाज म्हणजे मागून सुटणाऱ्या झोताचा आवाज, अशी माझी शाळेपासूनची समजूत होती. मग पुढच्या बाजूने येणारा हा आवाज कोणाचा आहे आणि तो इंजिनाच्या तोंडातून बाहेर कसा येतो?

तरंगलांबी

आपली समजूत चुकीची नाही, फक्त साठ वर्षे जुनी आहे. सुरुवातीच्या जेट इंजिनांत सगळी हवा जळणाच्या गाभ्यातून जाई आणि अतिशय वेगाने मागे फेकली जाई. गणितज्ञ लाइटहिल यांनी 1952 साली दाखवून दिले की झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. याचा अर्थ असा, की वेग निम्मा केला तर शक्ती अडीचशे पटींहून अधिक उतरते. इंजिने बनवणाऱ्यांनी पुढे तेच केले. समोर मोठा पंखा बसवला आणि बहुतांश हवा गाभ्याला वळसा घालून हळू वेगाने मागे ढकलली. बोईंग 737-800 च्या सीएफएम 56-7बी इंजिनात गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या साधारण पाचपट हवा बाहेरून जाते, तर एअरबस ए320 निओच्या लीप इंजिनात हे प्रमाण अकरापटीच्या आसपास आहे. झोत शांत झाला, तसा त्याच्याआड झाकलेला पंख्याचा आवाज उघडा पडला. पंख्याचा आवाज दोन वाटांनी निघतो, मागे वळणवाटेच्या नळीतून आणि पुढे इंजिनाच्या तोंडातून. आपली शिट्टी आणि आपली करवत ही दोन्ही या तोंडातून येणारी भावंडे आहेत, मात्र त्यांचे स्वभाव निराळे आहेत.

आधी शिट्टीचा सूर काढू. सीएफएम 56-7बीच्या पंख्याला 24 पाती आहेत आणि त्याचा शंभर टक्के वेग मिनिटाला 5175 फेरे इतका धरतात. उतरताना तो 55 टक्क्यांवर आहे असे मानले, तर सेकंदाला सुमारे 47 फेरे होतात. एका ठिकाणावरून दर सेकंदाला जितकी पाती जातात तितकी त्या सुराची कंप्रता, म्हणजे इथे सुमारे 1140 हर्ट्झ. लीप इंजिनाला 18 च पाती असून त्याचा पंखा मोठा आणि संथ असतो, त्यामुळे त्याचा मूळ सूर बराच खाली येतो. कान तयार असेल तर डोळे मिटून दोन इंजिने ओळखता येतात.

कुंपणावरचा

क्षमा करा, पण मला एक मूलभूत अडचण आहे. इंजिन समोरची हवा प्रचंड वेगाने आत ओढत असते. त्या प्रवाहाविरुद्ध आवाज बाहेर येतोच कसा? पुराच्या पाण्यात होडी उलटी वल्हवण्यासारखे हे झाले.

तरंगलांबी

होडीचा दाखला चांगला आहे, म्हणून तोच वापरतो. नदीच्या वेगापेक्षा होडीचा वेग जास्त असेल तर ती वर चढते, फक्त काठावरून पाहणाऱ्याला ती संथ दिसते. तोंडातून आत येणाऱ्या हवेचा वेग पूर्ण जोरावर असतानाही साधारणपणे ध्वनिवेगाच्या निम्म्याच्या थोडा वर असतो, उतरताना तर त्याहून बराच कमी. आवाज त्या प्रवाहावर मात करून बाहेर येतो. आपल्याला सुचलेली शंका संशोधकांनाही सुचली होती. तोंडाचा गळा इतका अरुंद करायचा की तिथे हवा ध्वनिवेगाजवळ पोहोचेल आणि आवाजाची होडी जागच्या जागी अडकेल, असे प्रयोग 1970 च्या दशकात झाले. आवाज खरोखर अडतो. पण हवेचा दाब वाया जातो, पंख्यापर्यंत येणारा प्रवाह विस्कटतो आणि गळ्याचा आकार उड्डाणात बदलत ठेवण्यासाठी जड यंत्रणा लागते, म्हणून प्रवासी विमानांत ही युक्ती रुजली नाही.

आता मुख्य गोष्ट. पंख्याचा आवाज तोंडातून नळातल्या पाण्यासारखा सरळ वाहत येत नाही, तो गोल फिरत येतो. पंख्याभोवतीच्या दाबाची कल्पना एखाद्या फुलासारखी करा. एक पाकळी जास्त दाबाची, तिच्या शेजारची कमी दाबाची, आणि सबंध फूल नळीत गरगर फिरत आहे. हे फूल किती पाकळ्यांचे आणि किती वेगाने फिरणारे, यावर ते बाहेर पडणार की आतच मरणार हे ठरते. टायलर आणि सोफ्रिन या अभियंत्यांनी 1962 साली मांडलेला हा हिशेब आजही प्रत्येक पंख्याच्या आरेखनात पहिल्या पानावर असतो.

हातातला विंझणा अगदी हळू हलवून पाहा. एका बाजूला दाबली गेलेली हवा कडेवरून दुसऱ्या बाजूला सरकते आणि हिशेब जागीच मिटतो. फुलाच्या पाकळ्या परिघावर ध्वनिवेगापेक्षा हळू सरकत असतील तर असेच घडते. जास्त दाबाच्या पाकळीतली हवा शेजारच्या कमी दाबाच्या पाकळीत जाऊन बसते आणि तो आवाज नळीत वीतभर अंतरात क्षीण होतो. पाकळ्या ध्वनिवेगाहून जलद सरकल्या तर हवेला सावरायला वेळ मिळत नाही, लाट तयार होते आणि ती बाहेर निघते.

सड्याकडचा

म्हणजे पात्यांचे टोक ध्वनिवेगाच्या आत असेल तर पंखा मुका असायला हवा. उतरताना पंखा निम्म्या वेगावर असतो, मग शिट्टी कुठली?

तरंगलांबी

बरोबर पकडलेत. पंखा एकटाच असता तर उतरताना त्याची शिट्टी जवळपास ऐकूच आली नसती. पण पंख्यामागे फिरणाऱ्या हवेला सरळ करणारी स्थिर पाती उभी असतात. प्रत्येक फिरत्या पात्यामागे हवेचा एक मंद पट्टा लोंबत असतो आणि तो स्थिर पात्यांवर आपटत जातो. या आपटण्यातून जे फूल तयार होते त्याच्या पाकळ्यांची संख्या फिरती पाती आणि स्थिर पाती यांच्या वजाबाकीवर ठरते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. फिरती पाती 18 आणि स्थिर पाती 20 असतील तर फरक 2. दोन पाकळ्यांचे फूल तयार होते आणि ते पंख्याच्या नऊपट वेगाने, उलट्या दिशेने फिरते. एवढ्या वेगापुढे ध्वनिवेगाची मर्यादा कुठेच मागे राहते आणि शिट्टी दणदणीत बाहेर पडते. आता स्थिर पाती 40 करा. फरक 22 होतो, आणि 22 पाकळ्यांचे हे फूल पंख्याच्या वेगाच्या फक्त 82 टक्के वेगाने फिरते. उतरतानाच्या वेगाला ते नळीतच विझते. स्थिर पात्यांची संख्या फिरत्या पात्यांच्या दुपटीहून थोडी जास्त ठेवण्याचा प्रघात आला तो यातूनच. पण मूळ सुराच्या दुप्पट कंप्रतेला हाच हिशेब करून पाहा. 36 वजा 40, म्हणजे चारच पाकळ्या, आणि वेग पुन्हा नऊपट. मूळ सूर अडवला, तरी वरच्या सप्तकातला त्याचा जोडीदार निसटलाच.

पेटीवाला

मी फोंड्याला हार्मोनियम शिकवतो, विज्ञानाचा माझा संबंध बारावीला सुटला. पण वरच्या सप्तकाच्या उल्लेखामुळे लिहावेसे वाटले. नातेवाइकांकडे जाताना विमानतळाच्या रस्त्यावर मी अनेकदा थांबलो आहे. माथ्यावरून जाताना त्या शिट्टीचा सूर घसरतो आणि ती मींड मला दर वेळी पंचमावरून षड्जावर येताना वाटते. हा माझ्या कानाचा लाड आहे की त्याला काही आधार आहे?

तरंगलांबी

पेटीवालेबाब, आपल्या कानाला नमस्कार. उतरणाऱ्या विमानाचा वेग सेकंदाला साधारण 70 मीटर धरू. गोव्यातल्या 30 अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर असतो. येताना लांबून ऐकू येणारा सूर आणि गेल्यावर लांबून ऐकू येणारा सूर यांचे गुणोत्तर 349 अधिक 70 भागिले 349 उणे 70, म्हणजे 419 भागिले 279. उत्तर येते 1.50. षड्ज-पंचमाचे गुणोत्तर दीडच आहे. 1140 हर्ट्झची शिट्टी येताना सुमारे 1425 ला लागते आणि जाताना 950 पर्यंत उतरते. विमानाचा वेग थोडा वेगळा असता तर आपल्याला तीव्र मध्यम किंवा कोमल धैवत भेटला असता. हा योगायोगच, पण मोठा सुरेल आहे.

हँगरवाला

तरंगलांबी सरांनी कागदावरची बाजू सांगितली, मी हाताला लागलेली सांगतो. तेवीस वर्षे विमानांच्या देखभालीत काढली, त्यातली बरीच दाबोळीत.

इंजिन बंद असताना तोंडात शिरून आतल्या भिंतीवर तळहात फिरवा. लांबून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या भिंतीला हजारो बारीक भोके असतात, नख अडकेल एवढीच. भोकांमागे मधाच्या पोळ्यासारखी खोली-खोलीची जाळी आणि तिच्यामागे बंद पत्रा. प्रत्येक खोली म्हणजे एक छोटी बाटली. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती आपल्या ठरावीक सुराला प्रतिसाद देते, तसे शिट्टीच्या सुराला या बाटल्यांतली हवा भोकांतून आत-बाहेर धडपडते आणि त्या घर्षणात आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन संपते. पोळ्याची खोली बदलली की कोणता सूर गिळायचा ते बदलते. आम्ही याला लायनर म्हणतो.

एका ठिकाणी (नाव सांगत नाही) लायनरचा खड्डा भरताना कोणीतरी सढळ हाताने राळ फासली आणि वर रंगही चढवला. बाहेरून काम देखणे झाले होते. मी बॅटरी तिरकी धरून पाहिले तर हातभर पट्ट्यातली भोके बुजलेली. किती भोके बुजलेली चालतात याला हस्तपुस्तिकेत मर्यादा असते, आणि हा पट्टा तिच्या बाहेर होता. पुन्हा सगळे उकरावे लागले. बुजलेला पट्टा आवाज गिळत नाही एवढेच नुकसान नाही, हे मला नंतर एका प्रशिक्षणात कळले. त्याचे कारण सरांनीच सांगावे.

तरंगलांबी

हँगरवालेबाब, फार मोलाचा मुद्दा काढलात. 22 पाकळ्यांचे फूल सर्वत्र सारख्या भिंतीच्या नळीत 22 पाकळ्यांचेच राहते. पण भिंतीत एक-दोन कठीण पट्टे आले की त्यांच्यावर आपटून ते वेगवेगळ्या पाकळीसंख्येच्या फुलांत विखुरते, आणि त्यांतली कमी पाकळ्यांची फुले सहज बाहेर पडतात. आत विझत चाललेल्या आवाजाला ही चोरवाट मिळते. पूर्वी लायनर दोन-तीन तुकड्यांत बनत असे आणि जोडावर असे कठीण पट्टे राहत. एअरबसने ए380 च्या इंजिनांसाठी लायनर सबंध वर्तुळात विनाजोड बनवला तो याच कारणासाठी.

लायनरची आणखी एक पंचाईत आहे, जी तोंडाच्याच वाट्याला येते. भिंतीलगत हवा संथ असते आणि मध्यभागी वेगवान. बाहेर निघालेला आवाज प्रवाहाविरुद्ध चाललेला असल्याने भिंतीजवळ तो भराभर पुढे जातो आणि मध्ये रखडतो. लाट नेहमी रखडणाऱ्या बाजूकडे वळते, म्हणून तो भिंतीपासून दूर, मध्याकडे झुकतो. लायनर भिंतीवर आणि आवाज मधून! मागच्या नळीत आवाज प्रवाहासोबत जातो, त्यामुळे तिथे उलट होते आणि तो आपण होऊन लायनरवर जाऊन पडतो.

चिखलीकर

आम्ही दाबोळी विमानतळाच्या बाजूला राहतो, विमाने आमच्या माथ्यावरून नव्हे, कडेने जातात. उड्डाणाच्या वेळची करवत आम्हालाही ऐकू येते, पण एखाद-दोन सेकंदच, जणू कोणी दार उघडून मिटावे. शिवाय हंसा तळावरची नौदलाची मिग विमाने उडतात तेव्हा असली करवत मुळीच जाणवत नाही, फक्त आभाळ फाटते. असे का?

तरंगलांबी

मिगचे आधी उरकतो. आफ्टरबर्नर (मागच्या झोतात जादा इंधन जाळण्याची सोय) पेटलेल्या इंजिनाचा झोत ध्वनीहून वेगवान असतो. त्याच्या गर्जनेपुढे तोंडातला आवाज म्हणजे ढोल-ताशांत मोर्चंग.

करवत म्हणजे काय ते पाहू. उड्डाणाच्या वेळी पंखा पूर्ण जोरात असतो. सीएफएम 56-7बीचा पंखा 1.55 मीटर व्यासाचा आहे, म्हणजे शंभर टक्के वेगाला पात्याचे टोक सेकंदाला सुमारे 420 मीटर धावते. ध्वनिवेग केव्हाच ओलांडलेला असतो, त्यामुळे पंख्याचे स्वतःचे फूल आता स्थिर पात्यांच्या मदतीशिवाय बाहेर पडू लागते. प्रत्येक पात्यापुढे एक धक्कालहर उभी राहते. सगळी पाती अगदी सारखी असती तर एकच स्वच्छ सूर लागला असता. प्रत्यक्षात पात्यांच्या कोनांत अगदी किंचित फरक असतो, म्हणून काही धक्के जोरकस आणि काही मवाळ होतात. जोरकस धक्का जलद चालतो, पुढच्या मवाळ धक्क्याला गाठतो आणि गिळतो. तोंडाशी पोहोचेपर्यंत 24 सारख्या धक्क्यांऐवजी एक वेडीवाकडी रांग उरते, जिची पुनरावृत्ती दर पात्याला नव्हे तर पंख्याच्या दर फेऱ्याला होते. 95 टक्के वेगाला सेकंदाला सुमारे 82 फेरे होतात, म्हणून 82, 164, 246 असे सूर एकदम वाजतात. ती घरघर हीच, आणि पुढच्या रांगेत बसणाऱ्या प्रवाशांना ती उड्डाणात चांगली परिचयाची असते.

आता दार उघडून मिटण्याबद्दल. फूल कोणत्या कोनात बाहेर पडेल हे ते किती आरामात नळीतून निघते यावर अवलंबून असते. ज्याचा वेग मर्यादेहून जेमतेम जास्त आहे, ते नळीत जवळजवळ आडवे चकरा मारत येते आणि बाहेर पडल्यावर कडेला फाकते. जे मर्यादेच्या खूप वर आहे ते नळीच्या अक्षाजवळून सरळ पुढे जाते. ढोबळ हिशेबाने, मर्यादेच्या 1.1 पट असलेल्या फुलाच्या आवाजाचा मुख्य झोत विमानाच्या नाकापासून सुमारे 65 अंशांवर पडतो, तर दुप्पट असलेल्याचा 30 अंशांवर. करवतीतल्या फुलांच्या पाकळ्या पंख्याच्याच वेगाने फिरतात, म्हणजे मर्यादेच्या थोड्याच वर, म्हणून त्यांचा झोत कडेला पडतो. चिखलीत तो अंगावरून झाडूसारखा फिरून जातो.

सड्याकडचे यांच्या शिट्टीलाही हाच हिशेब लावू. धावपट्टीच्या टोकापासून चार किलोमीटरांवर, तीन अंशांच्या उतरत्या वाटेवर विमान सुमारे सव्वादोनशे मीटर उंच असते. 30 अंशांवरचा झोत आपल्यावर पडतो तेव्हा विमान अजून 390 मीटर मागे असते, म्हणजे माथ्यावर यायला साडेपाच सेकंद असतात. आवाजाला आपल्यापर्यंत यायला सव्वा सेकंद लागतो. उरले चार सेकंद आणि थोडे वर. 65 अंशांचा झोत असता तर तीच शिट्टी माथ्यावर येण्याआधी सेकंदभरही मिळाली नसती. तेव्हा आपण ऐकता ती कमी पाकळ्यांची, सरळ पुढे जाणारी फुले आहेत.

कुंपणावरचा

हे पटले. मग इंजिनाचे तोंडच वर का वळवत नाहीत? आवाज आभाळात जाईल.

हँगरवाला

खालचा ओठ पुढे काढलेले तिरके तोंड अभ्यासले गेले आहे आणि खालचा आवाज त्याने कमीही होतो. पण प्रवाह पंख्याला समसमान मिळायला हवा, नाहीतर पाती कुरकुरतात.

त्यावरून आठवले. जमिनीवर इंजिन चालवून पाहताना शिट्टी जितकी टोचते तितकी तेच इंजिन आकाशात टोचत नाही. स्थिर उभे इंजिन चहूबाजूंची हवा ओढते आणि वातावरणातले भोवरे सुतासारखे ताणून आत घेते, मग एकाच सुताला एकामागून एक पाती कापत जातात. प्रत्येक काप म्हणजे सुराला खतपाणी. चाचणीच्या जागी तोंडासमोर जाळीचा मोठा गोल लावतात तो ही सुते मोडण्यासाठी. पावसाळ्यात यातला एक भोवरा मी कित्येकदा डोळ्यांनी पाहिला आहे. ओल्या फरशीवरून बोटाएवढी पांढरी दोरी उठते, डुलत डुलत इंजिनाच्या खालच्या ओठाकडे जाते आणि आत शिरते. ती शिरली की कानावरच्या मफमधूनही आवाजाचा पोत बदललेला कळतो.

सड्याकडचा

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल संध्याकाळी फोनवर वर्णपट दाखवणारे अ‍ॅप घेऊन तीन विमाने नोंदवली. शिट्टीची रेषा स्पष्ट दिसली आणि ती पेटीवालेबाब म्हणतात तशी खाली उतरली. पण तिच्याभोवती वाटीच्या आकाराचे अनेक पट्टेही दिसले, जे विमान माथ्यावर असताना सर्वांत खाली येतात आणि पुन्हा वर चढतात. हीही फुलेच का?

तरंगलांबी

नाही, तो आपल्या अंगणाचा प्रताप आहे. आपण फोन छातीजवळ धरला असणार. विमानाचा आवाज एकदा थेट येतो आणि एकदा जमिनीवर आपटून, किंचित उशिरा येतो. दोन्ही मिळून काही कंप्रता खोडून टाकतात आणि विमान सरकेल तशा त्या खोडलेल्या जागा सरकतात. विमानांच्या ध्वनिप्रमाणपत्रासाठी मायक्रोफोन जमिनीपासून 1.2 मीटरवर ठेवतात, तिथेही ही भानगड हिशेबात धरावी लागते. फोन एखाद्या सपाट फळीवर, जमिनीलगत उपडा ठेवून पाहा.

सड्याकडचा

आज सकाळी पोळपाट जांभ्या दगडाच्या फरशीवर ठेवून त्यावर फोन ठेवला. पट्टे गेले. शिट्टीची रेषा एकटी उरली, आणि तिच्या बरोबर दुप्पट उंचीवर तिच्याहून ठळक अशी दुसरी. पोळपाट परत देताना घरात मात्र बरेच स्पष्टीकरण द्यावे लागले.